पायातली चप्पल आणि बी-१२

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ सभासदांसाठी गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडीफार दुरुस्ती केली आहे.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा सगळ्यांची अपेक्षा होती की मी सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबावर बोलेन. त्यातली अकरा वर्षं मी खजिनदार होतो. पण हिशेबावर नव्या खजिनदार बाईंनी बोलावं, त्यांचं काम माझ्यापेक्षा चोख आहे. मी आज एका आजाराबद्दल बोलणार आहे. व्हिटॅमिन बी-१२ ची कमतरता. नाव ऐकून काही जणांच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसतोय. मलाही दोन वर्षांपूर्वी तसंच वाटलं असतं. ‘बी-१२ कमी’ हे आजकाल ‘हवा बदलली’ म्हणावं तितक्या सहज म्हणतात.

मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालो आणि छत्तीस वर्षं बँकेत काढली. जे सांगतो ते माझ्या अंगावर बेतलेलं आणि नंतर डॉक्टरांना खोदून खोदून विचारून समजून घेतलेलं. वय चौऱ्याहत्तर. डायबेटिस नऊ-दहा वर्षं.

गोष्ट सुरू होते एका चपलेपासून. सकाळी साडेसहाला मी डेअरीवर दूध आणायला जातो, हे तुम्हाला माहीत आहे. एके दिवशी दूध घेऊन गेटमधून आत आलो तर वॉचमन म्हणाला, “काका, एक चप्पल कुठाय?” खाली पाहिलं तर डावा पाय अनवाणी. चप्पल सापडली डेअरीच्या पायरीपाशी. म्हणजे तिथून गेटपर्यंतचा सगळा रस्ता, मधली खडी टाकलेली जागा धरून, मी एका पायाने अनवाणी चालत आलो आणि मला पत्ता नव्हता. आमच्या सौ.नी ही गोष्ट हळदीकुंकवात सांगितली आणि सगळ्या हसल्या. मीही हसलो. आता वाटतं, त्या दिवशी हसायला नको होतं.

पायाला मुंग्या तर त्याआधी वर्ष-दीड वर्ष येतच होत्या. आधी अंगठ्यांना, मग तळव्यांना. ज्या डॉक्टरांकडे तेव्हा जात होतो ते म्हणाले, “शुगर आहे ना, मुंग्या येणारच.” ते चूक नव्हतं. डायबेटिसनेही मुंग्या येतात. पण एक कारण सापडलं की दुसरं शोधायचं नाही, हे त्यांनीही केलं आणि मीही केलं. बँकेत असतो तर टॅली जुळली म्हणून व्हाउचर न तपासणाऱ्या क्लार्कला मी झापलं असतं.

बाकीच्या खुणाही होत्या. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, बेसिन धरावं लागायचं. दिवे गेले की घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालायचो. जीभ लालबुंद आणि गुळगुळीत झाली होती, आमटी झोंबायची. सौ.नी तिखट कमी केलं तर नातू कुरकुर करायला लागला. बोटांच्या पेरांवर काळपटपणा आला होता, तो मी उन्हाच्या खात्यावर टाकला. दोन जिने चढलं की धाप. या सगळ्याला आमच्या घरात एकच शब्द होता : वय.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला वेळ लागला. दोन वर्षांपूर्वीची ऑगस्टमधली वार्षिक सर्वसाधारण सभा पुष्कळांना आठवत असेल. सिंकिंग फंडातली तीन लाखांची एफडी फेब्रुवारीत मॅच्युअर झाली होती. ती रिन्यू करायची मी विसरलो. रक्कम सहा महिने सेव्हिंग खात्यात पडून राहिली. सी विंगमधल्या एका तरुण सभासदाने सरळ, सभ्यपणे विचारलं, “काका, ही एफडी कुठल्या तारखेला रिन्यू झाली?” मी उत्तर द्यायला उभा राहिलो. कागदावरची तीच ओळ दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायला लागलो तेव्हा मागून कोणीतरी हसलं. आणि मी त्या मुलावर ओरडलो. तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी लोकांचे पैसे सांभाळतोय, असं काहीतरी. सभा शांत झाली. तो खाली बसला.

व्याजाचा फरक सहा हजारांच्या आसपास होता, तो मी स्वतः भरला. दिवाळीनंतर राजीनामा दिला आणि कारण लिहिलं ‘प्रकृती’. खरं कारण भीती होतं. फोन नंबर आठवत नव्हते. भाजीवाल्याने दिलेले सुटे मोजताना गोंधळ व्हायचा. माझ्या मोठ्या बंधूंना शेवटची चार वर्षं काही ओळखू येत नव्हतं, मुलांनाही नाही. मी रात्री जागा राहून सतराचा पाढा म्हणून बघायचो. सौ.ना यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांना सगळं माहीत होतं, हे नंतर कळलं.

डिसेंबरात लाइट गेले असताना जिन्यावर पडलो. मनगट मुरगळलं. ज्या डॉक्टरांनी मनगट पाहिलं त्यांनी बँडेज बांधून झाल्यावर विचारलं, “पडलात का?” मी म्हटलं, अंधार होता. ते म्हणाले, “अंधारात बाकीचेही उतरले असतील की.” त्यांनी एक धातूचा चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क ठोकला आणि पायाच्या अंगठ्यावर टेकवला. “थरथर जाणवतेय?” मला काही जाणवेना. घोट्यावर ठेवला तरी नाही. मग पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. मी झाडासारखा हललो, त्यांनी धरलं. मग तीन प्रश्न. पूर्ण शाकाहारी का? मेटफॉर्मिन किती वर्षं घेताय? ॲसिडिटीची गोळी रोज घेता का? तिन्हींची उत्तरं त्यांना हवी तशीच निघाली. रक्त तपासलं. बी-१२ आलं ११२ पिकोग्रॅम. साधारणपणे २०० च्या खाली कमतरता धरतात आणि २०० ते ३०० म्हणजे सीमेवरचं. लॅबप्रमाणे आकडे थोडे मागेपुढे होतात.

हे बी-१२ प्रकरण काय आहे ते मला समजलं तसं सांगतो. आपल्याला ते रोज लागतं दोन-अडीच मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा गोष्टीवर नवीन रक्त तयार होणं आणि मज्जातंतूंवरचं आवरण शाबूत राहणं अवलंबून आहे. विजेच्या वायरीवर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं ना, तसं ते आवरण. ते खराब झालं की पायाकडून मेंदूकडे जाणारा निरोप पोचत नाही. माझी चप्पल निघाली तेव्हा पायाने निरोप पाठवला असेल, तो वाटेत हरवला. आणि पाय नेमका कुठे आहे हे मेंदूला पायाकडून कळत नसलं की तो डोळ्यांवर विसंबतो. म्हणून डोळे मिटले की किंवा अंधार झाला की तोल जातो.

हे व्हिटॅमिन झाडं बनवत नाहीत, प्राणीही बनवत नाहीत. ते फक्त सूक्ष्म जीवाणू बनवतात. गाई-म्हशींच्या पोटातल्या जीवाणूंकडून ते दुधात आणि मांसात येतं. मासे, अंडी, मांस, दूध, दही, पनीर, चीज यांत ते आहे. पालेभाज्यांत नाही. मोड आलेल्या मटकीत नाही, बदामात नाही, बिटात नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझा रिपोर्ट कळल्यावर बी विंगमधून मला बीट आले, ए विंगमधून मोड आलेले मूग आले. प्रेमाने आले, मी प्रेमाने खाल्ले. बी-१२ त्याने वाढत नाही. शेजारच्या मालवणी वहिनींनी बांगड्याची सोय करते म्हटलं, तेवढा एकच उपाय शास्त्रशुद्ध होता. पण आमचे वडील माळकरी, घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही.

नुसतं खाऊनही भागत नाही. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला जठरातलं ॲसिड लागतं. मग जठरातूनच निघणाऱ्या एका प्रथिनाचा हात धरून ते लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला जातं आणि तिथे शरीरात जमा होतं. वाढत्या वयात पुष्कळांचं ॲसिड कमी होतं. पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या तर ॲसिड कमी करण्यासाठीच असतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली तर शोषण कमी होतं. ज्यांच्या जठराचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालंय त्यांची गोष्ट आणखी वेगळी. म्हणजे माझ्याकडे जमा आधीच कमी, त्यात तीन ठिकाणी कपात.

मग इतकी वर्षं कसं निभावलं? तर लिव्हरमध्ये या व्हिटॅमिनची एफडी असते. जमा थांबली तरी ती काही वर्षं पुरते. म्हणून हा आजार चोरपावलांनी येतो. सोसायटीची एफडी विसरलो ती सहा महिन्यांत उघडी पडली, ही दुसरी विसरलो ती उघडी पडायला काही वर्षं गेली.

अजून एक गोम होती. हिमोग्लोबिन थोडं कमी म्हणून मी स्वतःच केमिस्टकडून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणून घेत होतो. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. बी-१२ कमी झालं की रक्तातल्या लाल पेशी आकाराने मोठ्या होतात, रक्त कमी होतं, आणि साध्या सीबीसी रिपोर्टमध्येही एमसीव्हीचा आकडा १०० च्या वर जातो. तिथे सुगावा लागतो. फॉलिक ॲसिडने रक्ताचं चित्र सुधारतं, पण मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. म्हणजे बॅलन्स शीट स्वच्छ आणि तिजोरी रिकामी. माझं हिमोग्लोबिन १२.१ होतं, एमसीव्ही ९८. त्यावरून कोणालाही शंका आली नसती. उलट काही जणांना रक्त अजिबात कमी न होता थेट मुंग्यांपासूनच सुरुवात होते, असंही डॉक्टर म्हणाले.

या फॉलिक ॲसिडची गोष्ट आपल्या परळची आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पूर्वी बी-१२ अंगी न लागण्याचा एक प्रकार, पर्निशस ॲनिमिया, म्हणजे मृत्यूच होता. १९२६ साली अमेरिकेत मिनो आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवलं की रोज भरपूर लिव्हर खाऊ घातलं तर हे रोगी जगतात. त्याआधी व्हिपल यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. तिघांना १९३४ चं नोबेल मिळालं. इकडे मुंबईत १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर बाई आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा ॲनिमिया व्हायचा, रक्ताचं चित्र तसंच, मोठ्या पेशी. हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करून त्यांनी शोधलं की यीस्टपासून बनवलेल्या मार्माइटने या बायका बऱ्या होतात. आणि लिव्हरचा जो शुद्ध केलेला अर्क पर्निशस ॲनिमियाला चालतो, तो यांना चालत नाही. म्हणजे कमी पडणारी वस्तू निराळी. तीच पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखली गेली. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. हाफकिनच्या कंपाउंडसमोरून आम्ही पोरं कितीदा गेलो असू, आत काय झालंय हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. दोन आजार बाहेरून सारखे, आतून वेगळे, हे त्या बाईंनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं आणि मी त्यातल्या एकाचं औषध दुसऱ्यावर घेत बसलो होतो.

बी-१२ स्वतः शुद्ध रूपात हाती आलं १९४८ साली. लाल रंगाचे स्फटिक. त्याची रचना डोरोथी हॉजकिन या बाईंनी १९५६ पर्यंत उलगडली, त्यांना १९६४ चं नोबेल मिळालं. इंजेक्शन लाल का असतं हे तुम्हाला आता कळलं असेल. त्यात कोबाल्ट धातू असतो.

उपचार सोपा आहे. मला १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं दिली, आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. आता रोज गोळी. मोठ्या डोसच्या गोळीतला अगदी थोडा भाग जठराच्या त्या प्रथिनाशिवायही शोषला जातो आणि डोसच मोठा असल्यामुळे तेवढा पुरतो. म्हणून पुष्कळांना गोळीही चालते. पण माझ्यासारखा तोल जात असेल तर इंजेक्शनने सुरुवात करतात. कोणाला काय, ते डॉक्टर ठरवतील. माझ्या गोळीचं नाव विचारू नका, जिन्यात तर मुळीच विचारू नका. आणखी एक. तपासणीच्या आधी गोळ्या सुरू करू नका, नाहीतर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि कळत काहीच नाही. ‘ताकदीच्या’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत कधी बी-६ भरपूर असतं, ते जास्त प्रमाणात पुष्कळ दिवस घेतलं तर त्यानेच मुंग्या येतात.

जीभ पंधरा दिवसांत बरी झाली. नातवाची आमटी परत तिखट झाली. धाप दीड-दोन महिन्यांत गेली. मुंग्या आधी वाढल्या, मी घाबरलो, मग हळूहळू उतरल्या. सव्वा वर्ष झालं, अंगठे अजून बधिर आहेत. तळव्याखाली सोलापुरी चादर घातल्यासारखं वाटतं. हे आता एवढंच राहील असं डॉक्टर म्हणाले. लवकर कळलं असतं तर कदाचित तेही राहिलं नसतं. मी मागच्या पट्ट्याची सँडल वापरतो आणि रोज रात्री पायाचे तळवे आरशात बघतो, जखम झाली तर मला कळणार नाही म्हणून. डायबेटिसवाल्यांनी हे तसंही करायचंच असतं.

डोकं? सुधारलं. पाढ्यांची गरज उरली नाही. रोजचं सुडोकू सुटतं. पण सगळंच बी-१२ च्या माथी मारणं मला पटत नाही. डॉक्टरांना विचारलं, एफडी विसरलो ती याच्यामुळेच का? ते म्हणाले, “असेलही. माणसं विसरतातही.” मला वाटतं काही बी-१२ होतं, काही वय होतं, आणि काही हे होतं की अकरा वर्षं मीच सगळं बघतो, दुसऱ्याला वही दाखवायची नाही, हा माझा हट्ट. ओरडलो त्यालाही व्हिटॅमिन जबाबदार धरता येईल, विसराळूपणाबरोबर चिडचिड यात होतेच. पण ओरडलो मी.

तो सी विंगमधला मुलगा आज मागच्या रांगेत बसलाय. मी त्याच्या घरी जाऊन बोललो आहे. पण ओरडलो सगळ्यांसमोर होतो, म्हणून माफी पण सगळ्यांसमोर मागतो. प्रश्न बरोबर होता, बेटा. असाच विचारत जा. उठू नकोस, बस.

आता तुमच्यापैकी कोणी तपासायचं? साठीच्या पुढचे शाकाहारी, मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणारे, मुंग्या किंवा बधिरपणा असलेले, अंधारात तोल जाणारे. आणि घरातला माणूस चिडका, गप्प, विसराळू होत चाललाय असं ज्यांना वाटतंय त्यांनी. स्मृतिभ्रंशाचं निदान करण्याआधी ही तपासणी डॉक्टर करतात, कारण हे एक कारण असं आहे की ज्याला औषध आहे. ही गोष्ट म्हाताऱ्यांपुरती नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली, खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. त्यांत ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं आणि सगळ्यांत जास्त प्रमाण मध्यमवर्गात, म्हणजे आपल्यासारख्यांत. ज्या सुना-मुली गरोदर आहेत किंवा अंगावर पाजतात आणि पूर्ण शाकाहारी आहेत, त्यांनी डॉक्टरांशी नक्की बोलावं. आईच्या अंगात नसेल तर दुधातून बाळाला मिळत नाही. अशी बाळं मान धरायला, बसायला मागे पडतात, शिकलेलं विसरतातसुद्धा.

दुधाबद्दल विचारलं जाईल म्हणून सांगतो. एक मोठा पेला दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. चहात घातलेलं चमचाभर दूध हे दूध नव्हे. ताकात पाणी किती, तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. आमच्याकडे आता सकाळी दूध, जेवणात वाटीभर दही आणि मला गोळी. सौ.चंही तपासलं, १८० निघालं. इतकी वर्षं एकाच ताटातलं जेवलो आणि माझ्या पायाला बांधलेला पट्टा बघून त्यांना हसू येत होतं. आता दोघांच्या गोळ्या एकाच डबीत असतात आणि कोणी घेतली नाही यावरून वाद होतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ऑफिसमध्ये नव्या खजिनदार बाईंबरोबर एफडीच्या तारखांची यादी वाचतो. त्या वाचतात, मी टिक करतो, मग मी वाचतो, त्या टिक करतात. जिन्यात बॅटरीवर चालणारे दिवे लावायचा ठराव पुढच्या सभेत येणार आहे, त्याला कृपया हात वर करा. सेक्रेटरीसाहेब घड्याळ दाखवतायत. थांबतो.